वाडीवरून जाणारी वाट

आईला महादेवाच्या देवळात न्यायचं म्हणून ट्रिप ठरली, आणि त्या ट्रिपला आईला घरी ठेवून बाकीचे सगळे जाऊन आले. ही गोष्ट मला अजून शांतपणे सांगता येत नाही. कुणी विषय काढला की माझा आवाज चढतो, आमचे हे उठून पाणी आणून देतात, मी ते पीत नाही.

देऊळ रोह्याच्या पुढे डोंगरात आहे. आमचं गाव त्याच अंगाला होतं, तिथून आई वर्षातून एकदा चालत जायची. नवरात्र संपलं, पावसाची वाट वाळली की एक दिवस पहाटे निघायची आणि दिवेलागणीला परत यायची. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदाच तिच्याबरोबर गेले. देऊळ म्हणजे काय, चार दगडी खांब, वर कौलं, आणि मागच्या कातळातून पाझरणारं पाणी थेंब थेंब पिंडीवर पडत असलेलं. शेजारी ओढा. उंबराची मुळं पायऱ्यांच्या फटीत शिरलेली. पुजारी नाही, घंटा गंजलेली. आपण बोललो तर आपलाच आवाज मोठा वाटायचा, म्हणून मी कुजबुजत होते हे मला आठवतं.

वडील गेले, गावचं घर मोडलं, आई धाकट्या भावाकडे, रोह्यालगतच्या अष्टमी गावात राहायला आली. दुसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघे गेले तशी ती खाली उतरायची बंद झाली. भाऊ कंपनीत शिफ्टला, वहिनी घर सांभाळून शिवणकाम करते. मी पेणला, रामवाडीत. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते, आज तीस वर्षं तेच काम. महिन्यातून एक रविवार रोह्याला जायचे, आईजवळ बसायचे, संध्याकाळच्या गाडीने परत.

अशाच एका रविवारी आई म्हणाली, "मला एकदा महादेवाला न्या गो. परत नाय मागायची."

आईने आयुष्यात आमच्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. भाऊ लगेच म्हणाला, "नेऊ की! त्यात काय?" आणि त्याने जेवता जेवता व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. ग्रुपवर महादेवाचा फोटो, खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मावसभाऊ आले, वहिनीच्या माहेरची आली, तिघा-चौघांची मुलं आली. आईकडे फोन नाही, त्यामुळे ती त्या ग्रुपवर नव्हती. दिवाळीत ठरलं, ते कुणाच्या तरी परीक्षेमुळे रद्द झालं. मग माघात ठरलं. मटण नको, देवाची जागा आहे, मग येताना कोलाडजवळ जेवू, यावर दोन दिवस चर्चा चालली. आई वर कशी चढणार यावर एक अक्षर नाही. मी विचारलं, तर मावसभावाने अंगठा पाठवला.

त्या रविवारी माझ्या नणंदेकडे लग्न होतं म्हणून मी जाणार नव्हते. संध्याकाळी हॉलमधूनच भावाला फोन लावला.

"कसं झालं दर्शन?"

"एक नंबर! ताई, तू यायला पाहिजे होतंस. काय निसर्ग आहे!"

"आईला दे ना जरा."

"अगं, ती आली नाही. गुडघे दुखत होते तिचे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी निघाले. हायवेच्या खड्ड्यांनी अंग खिळखिळं केलं, नागोठणं गेलं, भिसे खिंड गेली, आणि सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात भांडत होते. अष्टमीला पोचले तेव्हा आई खिडकीत बसलेली. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं. काल पहाटे नेसलेलं, ते रात्रीही बदललं नव्हतं.

"गुडघे दुखत होते ना?" मी म्हटलं.

"गुडघे रोजच दुखतात गो. काल काय नवीन दुखणार?"

मग हळूहळू कळलं. आई पहाटे पाचला अंघोळ करून तयार होती. भावाने केलेल्या गाडीत सात जणांची जागा, आयत्या वेळी वहिनीच्या भावाची बायको आली. ऐनवेळी कुणीतरी म्हणालं, आईंना कशाला त्रास, तिथं काही झालं तर काय करायचं, आपण त्यांच्या नावाने नारळ फोडू. आई म्हणाली, बरं. आई नेहमीच बरं म्हणते, आणि लोक ते नेहमी खरं मानतात, कारण ते मानणं सोयीचं असतं.

भाऊ पहिल्या शिफ्टवरून आला तशी मी स्वयंपाकघरात त्याला धरलं.

"तुला लाज नाही वाटली? तिच्यासाठी ठरलं होतं ना हे?"

"ताई, तिला वर नेणार कसं? मी काय पाठीवर घेऊन चढू?"

"मग ठरवलंस कशाला?"

"तू ओरडू नकोस, खाली ऐकू जातं."

"जाऊ दे ऐकू! खालच्यांना पण कळू दे, आईला घरात कोंडून तुम्ही डोंगरात फोटो काढत होता!"

तेव्हा वहिनी म्हणाली, "रोज त्यांचे पाय कोण चोळतं ताई? तुम्ही महिन्यातून एकदा येता, पेढे घेऊन. मला बोला, पण आधी एक आठवडा इथं राहून दाखवा."

मी आणखी मोठ्याने ओरडले. शेवटी म्हटलं, "तुम्ही कुणी हात लावू नका. मी नेते तिला. मी एकटी नेते."

आणि मी तरी लगेच नेलं का? नाही. फाल्गुनात ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग कारखान्यात कामाचा रेटा सुरू झाला. ऊन तापलं. मग पाऊस. आषाढ-श्रावणात आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. दिवसभर एकेका मूर्तीच्या नजरेत नजर घालून बसायचं, हात जरा हलला की देव तिरळा. घरी येऊन आडवी व्हायची तेव्हा आठवायचं की आईला न्यायचंय. गणपती झाले की नेऊ, असं मी स्वतःला सांगायचे. भाऊ दिवाळी म्हणायचा, मी गणपती म्हणायचे, तेवढाच फरक.

गणपती झाले आणि मी मात्र कंबर कसली. भावाला दाखवून द्यायचं होतं. आधी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चालवू नका, बसवून न्या. मग ह्यांच्याबरोबर स्कूटरवर जाऊन जागा बघून आले. देवळाला जायला आता दोन वाटा होत्या. जुनी वाट डोंगराच्या पायथ्याच्या कातकरवाडीवरून, दीड तासाची चढण. आणि दुसऱ्या अंगाने देवस्थान कमिटीने यंदाच्या उन्हाळ्यात नवा रस्ता केलेला. त्या रस्त्याने गाडी बरीच वर जाते, पुढे वीस-पंचवीस मिनिटांची चाल. कमिटीच्या अध्यक्षांचा नंबर तिथल्या पाटीवरच होता. ते फोनवर फार गोड बोलले. "आजींना जरूर आणा. एवढ्या वयाच्या भाविक म्हणजे आमचं भाग्य."

पुढच्या चालीसाठी माणसं हवी होती. खुर्चीला दोन बांबू बांधून चौघांनी उचलायचं. वाडीतला एक माणूस अध्यक्षांनीच गाठून दिला. तो अध्यक्षांच्या फोनवरून म्हणाला, "दिवाळीच्या आधी करा काय ते. दिवाळी झाली की आमी भट्टीवर. मग वाडीत म्हातारी न् पोरं सोडून कोन नाय." विटांच्या भट्टीवर सगळी वाडी जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते, हे मला माहीत होतं, पण कामात धरलं नव्हतं. मग दसऱ्यानंतरचा गुरुवार पक्का केला. तो आणि आणखी तिघे सकाळी नव्या रस्त्याच्या टोकाला, देवळाच्या अंगाला येऊन थांबणार. शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. खुर्ची, उशी, पाणी, गोळ्या, छत्री, दोन नारळ. सगळं वहीत लिहून एकेक खोडत गेले. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

आदल्या रविवारी आईला जाऊन सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वाडीवरून नाय जायचं?"

"नाही गं. आता नवा रस्ता झालाय. तुला काही त्रास नाही."

"बरं," आई म्हणाली.

मी तिचा प्रश्न ऐकला आणि त्याला उत्तर दिलं. तो प्रश्न तिने का विचारला, हे माझ्या मनातही आलं नाही.

गुरुवारी सकाळी सातला भाऊ रात्रपाळी करून आला. डोळे लाल, अंगाला कंपनीचा वास. मी त्याच्याशी बोलत नव्हते. तो आईपुढे पाठ करून बसला, तिला पाठंगुळी घेतलं आणि दोन मजले उतरून गाडीत बसवलं. खाली आल्यावर तो गाडीच्या दाराला टेकला. आईच्या मांडीवर तिची कापडी पिशवी होती. तो म्हणाला, "सांभाळून जा." मी काच वर केली.

रोहा मागे पडलं, भाताची पिवळी खाचरं सुरू झाली. आई पुढे ह्यांच्या शेजारी बसून बाहेर बघत होती. तासाभराने तो फाटा आला, उजवीकडे कमिटीची कमान, डावीकडे कच्चा रस्ता.

"डावीकडं घ्या," आई म्हणाली.

"आई, अगं नवा रस्ता उजवीकडे आहे."

"मला वाडीवर जायचंय."

"वाडीवरून दीड तासाची चढण आहे. माणसं तिकडे वर थांबलीत."

"मी चढण म्हटलं का? वाडी म्हटलं."

ह्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं, हिचं वय झालं, ही गोंधळली. मी समजावणीच्या सुरात बोलायला गेले आणि मधेच माझा तोल गेला. "महिनाभर मी मरमर करतेय! ह्याला फोन कर, त्याच्या पाया पड. चार माणसं कामाचा दिवस सोडून वर बसलीत. आणि तू आता रस्ता बदलतेस?"

आई वळली. गुडघ्यांमुळे तिला नीट वळताही येत नव्हतं. "कोनी सांगितलं होतं मरमर करायला? तुला मी काय म्हटलं होतं, वाडीवरून नाय जायचं का, असं इचारलं होतं ना?"

"मग तेव्हाच नीट सांगायचंस!"

"तुमी ऐकता का? तो नेत नाय, तू नेतेस. दोघं सारखीच. कुठं जायचंय ते म्हातारीला इचारायचं नाय, तिला उचलायची न् ठेवायची. मी काय गणपती हाय का तुझ्या कारखान्यातला?"

माझी आई मला असं कधी बोलली नव्हती. मी काहीतरी उलट बोलणार होते, पण आमच्या ह्यांनी, ज्यांनी तीस वर्षांत माझ्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नाही, त्यांनी माझ्याकडे न बघता गाडी डावीकडे घेतली.

वाडी म्हणजे तीस-पस्तीस घरं. काही विटांची, घरकुलातली, काही अजून कुडाची, शेणाने सारवलेली. एका बाईने आम्हाला बघून हातातला हंडा खाली ठेवला. आई काचेतून शेवटच्या घराकडे बघत होती. म्हणाली, "तिथं." त्या घरासमोर गाडी थांबली. ओट्यावर कुणी नव्हतं. हंड्यावाली बाई आमच्या मागोमाग आली. ते तिचंच घर होतं. चाळिशीची असेल.

आईने विचारलं, "म्हातारी कुठं हाय गो?"

बाईने आईकडे नीट बघितलं. ओळख पटल्यासारखा तिचा चेहरा बदलला. "आये गेली ना. सरावणात. ताप भरला. पाऊस असा लागलेला, वाटंवर कमरंएवढं पानी. खाली न्यायला जमलंच नाय. तीन दिवसात गेली."

मला कळेना कोण म्हातारी, कुणाची आई. आईने दार उघडायला लावलं. आम्ही दोघांनी तिला उतरवून ओट्यावर बसवलं. ती रडली नाही. पिशवी उघडली, त्यातून एक नवं कोरं लुगडं काढलं, मशेरीचा एक डबा काढला, आणि ते त्या बाईच्या, म्हातारीच्या सुनेच्या, हातात दिलं. "तिच्यासाठी आनलं होतं. तू घे. मशेरी लावतेस का?"

सून म्हणाली, "लावते."

"माघात होती," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुझ्या भावाच्या फोनात दिसली. ही सगळी वाडीवरून वर गेली, तवा फोटो काढले. त्याच्यात मागं ती बसली होती, कुडाला टेकून, पाय पसरून. म्हटलं, बरी हाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? कोन म्हणून सांगू?"

माघ ते श्रावण, मी बोटांवर मोजले नाहीत, पण मला कळलं. ते महिने माझे होते. भावावर घालता येणार नव्हते.

वर थांबलेल्या माणसांना निरोप द्यायचा होता. वाडीत फोनला रेंज नाही. सून म्हणाली, "माझा नवराच हाय त्या चौघांत. मी जाते सांगायला." मी म्हटलं, मीपण येते. खरं म्हणजे मला तिथं आईसमोर उभं राहवत नव्हतं.

चढण कठीण होती. मला छप्पन्न पूर्ण, आणि दिवसभर बसून काम करणारं शरीर. सून पुढे झपाझप, मी मागे धापा टाकत. झाडी इतकी दाट की ऊन फक्त पानांवर, खाली काही नाही. अर्ध्या वाटेवर एक मोठा वाकलेला कातळ आहे, खाली दोन माणसं बसतील एवढी जागा. तिथं सून थांबली, म्हणाली, "बसा थोडं. हितंच ना तुमच्या आयेला कळा आल्या."

"कसल्या कळा?"

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा आवाज उतरला. "तुमाला म्हाईत नाय?"

मला माहीत नव्हतं. मी दोन वर्षांची असताना आईला दिवस गेले होते. पहिली मुलगी झाली म्हणून माझ्या आजीने, वडिलांच्या आईने, नवस बोलला होता आणि तो आगाऊ फेडायला सुनेला पाचव्या महिन्यात अनवाणी डोंगर चढायला लावला होता. एकटीला. उतरताना या कातळाखाली आईला कळा सुरू झाल्या. तिथं लाकडं गोळा करायला आलेली एक कातकरी बाई, तिच्याच वयाची, तिला आधार देत घरी घेऊन गेली. दुपारी पोटातलं गेलं. मुलगी होती. त्या बाईनेच तिला फडक्यात गुंडाळून घराच्या मागे, ऐनाच्या झाडाखाली पुरलं. आईला पेज पाजली, स्वतःचं लुगडं नेसवलं. संध्याकाळी वडील शोधत आले आणि घेऊन गेले. गावात सांगितलं, देवाला गेली होती, ऊन लागलं.

"घरी नेल्यावर सासूनं अंगनातच गार पान्यानं आंघोळ घातली म्हनं," सून म्हणाली. "आमच्यातलं पानी पिलं म्हनून. तुमची आये दरसाल यायची न् दोघी त्याच्यावर हसायच्या. आये म्हनायची, बघ, माझी पेज किती जड, सासूला धुवावी लागली."

मी त्या कातळाखाली बसून राहिले. मला रडू यायला हवं होतं, आला तो संताप. आजीचा फोटो भावाच्या हॉलमध्ये आहे, दर सणाला त्याला हार असतो, आणि आई स्वतः तो हार ओवते. वडिलांचा राग आला. ते मला आवडायचे. त्यांनी हे सगळं गिळून चाळीस वर्षं माझ्यासमोर पेपर वाचला. आणि मला आठवलं, मी आठ-नऊ वर्षांची असताना आईने मला या वाडीत एका जांभळीखाली बसवलं होतं. "पानी पिऊन येते" म्हणून ती त्या घरामागे गेली होती, आणि उशीर झाला म्हणून मी रडून गोंधळ घातला होता.

"चला बाई," सून म्हणाली. "मानसं वाट बगत असतील."

देवळाशी पोचलो. चार खांबांना ऑईलपेंट, जमिनीला चकचकीत लाद्या, पुढे स्टीलची जाळी. कातळातलं पाणी आता एका नळीतून येत होतं, पिंडीवरच्या पितळी भांड्यात सोडलेलं. वाडीतले चौघे, रस्त्याच्या टोकाला वाट बघून देवळाशी परत आलेले, जाळीच्या बाहेर उन्हात उकिडवे बसलेले. आत सावलीत खुर्चीवर अध्यक्ष, शेजारी ताटात शाल, श्रीफळ आणि हार.

"आल्या का आजी?" ते उठले. "सगळ्यात ज्येष्ठ भाविक म्हणून छोटासा सत्कार ठेवलाय. एक फोटो घेतला की आमच्या पेजवर..."

"त्या येणार नाहीत."

"अरे! का? तब्येत?"

"तब्येत बरी आहे. त्यांना यायचं नाही. आणि ह्या माणसांना तुम्ही उन्हात का बसवलंय?"

"नाही, म्हणजे ते आपले बाहेरच बसतात. त्यांची सवय आहे."

त्यानंतर मी काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. डोंगरात आवाज घुमतो. दिवसभर, किंवा वर्षभर म्हणा, जे ज्याला बोलायचं होतं ते सगळं त्या एका माणसावर निघालं. त्यातलं निम्मं त्याच्या वाट्याचं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. सूनबाई ओढ्यात पाय सोडून बसली होती. तिने मला हाक मारली, "या बाई, पानी गार हाय." मी गेले, तोंड धुतलं, ओंजळभर पाणी प्यायले. दर्शन घेतलं नाही.

चौघांबरोबर खाली आलो तर ओट्यावर आई नव्हती. घराच्या मागे ऐनाच्या झाडाखाली ह्यांनी तिला गाडीतल्या खुर्चीवर बसवलं होतं आणि स्वतः बरेच लांब, पाठ करून उभे होते. आईला त्यांनी काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली मागं ने, त्यांनी नेलं. मी जवळ गेले. जमिनीवर नुसता पाचोळा होता, खूण म्हणून एक दगडही नव्हता.

"सांगितलं वाटतं तिनं," आई म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस गं कधी?"

"तू कधी इचारलंस, मी वर कशाला जाते म्हणून? देवाला जाते म्हटलं की घरातनं सोडायचे. एवढंच." मग म्हणाली, "ओरडू नको आता कुनावर. भूक लागलीय."

सुनेने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. आईने दोन भाकऱ्या खाल्ल्या. म्हातारीचा मुलगा, जो आईला उचलायला वर जाऊन बसला होता, तो समोर बसला होता, आणि आई त्याला त्याच्या आईच्या तरुणपणीच्या गोष्टी सांगत होती, ज्या त्याला माहीत नव्हत्या. दोघं एकदा हसली. मी हसले नाही.

संध्याकाळी अष्टमीला आलो तर भाऊ झोप काढून जिन्यापाशी उभा होता. "झालं का दर्शन?"

"झालं," आई म्हणाली. त्याने तिला पाठंगुळी घेतलं. वर वहिनीने गरम पाण्याचं घमेलं तयार ठेवलं होतं, ती लगेच आईचे पाय घेऊन बसली.

मी भावाला घेऊन पुलावर गेले. कुंडलिकेवरच्या त्या पुलावर गाड्यांचा आवाज इतका असतो की ओरडूनच बोलावं लागतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो कठड्याला धरून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मला माहीत असतं तर मी..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. तेच वाक्य मी सकाळपासून स्वतःशी बोलत होते आणि मला ते ऐकवत नव्हतं. "माहीत असायला आपण विचारायला हवं होतं," मी ओरडले. "तू विचारलं नाहीस. मी विचारलं नाही. पन्नास वर्षं." शेजारून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला. भाऊ रडत होता, आणि त्याचाही मला राग आला, की ह्याला किती पटकन रडता येतं.

पेणला निघायच्या आधी मी हॉलमध्ये उभी राहिले. आजीच्या फोटोला दसऱ्याचा हार तसाच होता, झेंडू सुकलेले. मी तो काढायला हात वर केला.

"राहू दे," आतून आई म्हणाली. "तो मी काढीन. माझा मी."

मी हात खाली घेतला. वहिनी घमेलं उचलून मोरीकडे गेली. मी तिला म्हटलं, पुढच्या सोमवारपासून आठवडाभर मी इथंच राहीन, तू माहेरी जाऊन ये. ती म्हणाली, "बघू." माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि तो का ठेवावा, याचं एकही कारण मला सांगता आलं नाही.